अशक्त लेकरू पुढं बसवा

टाकळी, ता. माजलगाव
११ एप्रिल २०१६

प्रिय शिवा,

दोनदा फोन केला. दोन्ही वेळा सुंदररावांचं नाव निघालं आणि दोन्ही वेळा तू "दुसरं काही असेल तर बोल" म्हणून ठेवून दिलास. माझीच लेक, स्वभाव माझाच उचललायस, त्यामुळे मला रागवायचीही सोय नाही. पण कागद काही मधेच कट करता येत नाही. फाडायचा असला तरी शेवटपर्यंत वाच आणि मग खुशाल फाड. सुंदरराव अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात आहेत. अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणतात, किती दिवस ते सांगता येत नाही. त्यांना तुला एकदा बघायचंय. त्यांनी स्वतःच्या मुलाच्या आधी तुझं नाव घेतलं, असं त्यांच्या कौशल्याबाईंनी मला सांगितलं, आणि ते सांगताना बाईंना थोडं लागलेलं दिसलं.

घरचंही सांगते, नाहीतर म्हणशील आई कामापुरतं लिहिते. तुझे आण्णा दोन महिन्यांपासून चारा छावणीतच आहेत, दोन बैल आणि गाभण गाय घेऊन. तिथंच जेवण, तिथंच झोप. मी दिवसाआड डबा पोचवते. परवा म्हणाले, बैलांना तिथं इतकं करमायला लागलंय की आता घरी यायचं नाव काढणार नाहीत. मी म्हटलं, बैलांचं राहू द्या, तुमचं बोला. धरणात चिखल तेवढा उरलाय. कारखाना यंदा पेटलाच नाही, ऊसच नाही तर गाळणार काय. टँकर तिसऱ्या दिवशी येतो. अंगणवाडीतली लेकरं खिचडी खायच्या आधी माठाकडं बघतात. तुझ्या नांदेडला पाणी कसं आहे ते कळव. बँकेत बसायला खुर्ची नीट दिली का, तेही कळव.

सुंदररावांच्या त्या समाजसेवेच्या क्लबचं कामही जोरात चालू आहे, तुला आवडो न आवडो. आपल्या तळ्यातला गाळ काढायचं त्यांनी मनावर घेतलंय आणि त्यालाही जर्मनीच्याच क्लबची मदत आहे. नवे सेक्रेटरी तरुण आहेत. मागच्या आठवड्यात गाडी घेऊन आले आणि म्हणाले, पाहुणे बुधवारी येणार, तुम्ही वीसेक बाया रिकाम्या घागरी घेऊन रांगेत उभ्या करा. मी म्हटलं, बुधवारी टँकर सकाळीच येऊन जातो, घागरी भरलेल्या असतील. ते म्हणाले, भरलेल्या घरात ठेवू द्या ना, तासाभराचा तर प्रश्न आहे. मी तोंडावर नाही म्हटलं. आगाऊ बाई आहे म्हणत गेले. पण शिवा, खरं सांगू का, नाही म्हणायच्या आधी माझ्या मनात भिवराबाईचं नाव येऊन गेलं होतं. गावात सगळ्यात वाळलेली तीच दिसते, तिला पहिली उभी करावी, असं. जित्याची खोड म्हणतात ती अशी.

ही खोड आमच्या खात्यानं लावली. मी अंगणवाडी सेविका झाले तेव्हा जुन्या छबुबाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, साहेब तपासणीला आले की अशक्त लेकरू पुढं बसवायचं आणि बाळसेदार मागं. नाहीतर साहेब लिहिणार, सर्व ठीक, आणि जादा आहार बंद होणार. त्यात खोटं काय होतं? अशक्त लेकरू खरंच अशक्त असायचं. मी वर्षानुवर्षं तसं बसवलं, आहार टिकवला, आणि मला त्याची लाज कधी वाटली नाही. उलट मी स्वतःला हुशार समजत होते.

सुंदरराव आपल्या दारात पहिल्यांदा आले ते तुझ्या दहाव्या वर्षी. कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. क्लबात बाकी सगळे डॉक्टर, आडत व्यापारी, कारखान्याचे मोठे लोक. हा एकटा कारकून, म्हणून धावपळ सगळी याच्याच गळ्यात. एम-एटी गाडीवरून गावोगाव फिरायचे. मला म्हणाले, बाई, तुम्ही घरोघर पोलिओचे डोस पाजता, ज्यांचे डोस राहून गेले आणि पाय गेले त्यांची नावं तुम्हालाच माहीत. दीड वर्षाची तू तापानं फणफणलेली, सुई टोचून आणली आणि सकाळी दोन्ही पाय लुळे, हे मी त्यांना उभ्या उभ्याच सांगितलं. मग मी पंचवीस गावं पायी आणि एस.टी.नं पालथी घातली आणि पंचावन्न लेकरांची यादी केली. जर्मनीच्या क्लबकडून पहिल्या खेपेला बारा जणांच्या कॅलिपरची, म्हणजे पायांना बांधायच्या लोखंडी आधारांची, सोय झाली. त्या बारांत तू होतीस. उरली त्रेचाळीस.

तू पहिल्यांदा उभी राहिलीस तो डिसेंबरातला दिवस आठवतो? सुंदरराव जमिनीवर मांडी घालून तुझ्या पायांचे पट्टे आवळत होते. तू दाराची चौकट धरून उठलीस आणि पहिलं काय बोललीस तर, "अगंबाई, काकांना टक्कल हाय." अकरा वर्षं सगळ्या माणसांना तू खालूनच बघितलं होतंस. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. नंतर तू घरभर फिरून चुलीवरच्या फळीवर काय काय ठेवलंय ते मोजून आलीस. आण्णा तेव्हा ऊसतोडणीला कर्नाटकात गेलेले, त्यांना हे कुणी सांगावं म्हणून मी एकटीनंच रडून घेतलं.

आता त्यानंतरच्या फेब्रुवारीतलं. तुला आठवतं तसंच आधी लिहिते. जर्मनीचे पाहुणे अकराला यायचे ते दोन वाजता आले, एक म्हातारे गृहस्थ आणि दोन बाया. कारखान्याच्या हॉलमध्ये तुम्ही बारा जण तेल-पावडर लावून, नवे कपडे घालून ओळीनं खुर्च्यांवर. कॅलिपर कपड्यांखाली झाकलेले. चेअरमनसाहेबांचं भाषण काही संपेना. पाटोद्याचे प्राध्यापक पाहुण्यांना अर्थ सांगत होते. त्यातल्या एका बाईंनी त्यांना हळूच काही विचारलं आणि प्राध्यापकांनी ते माइकवरून सगळ्यांना सांगितलं, की मॅडम विचारतात, ही मुलं छानच आहेत, पण आजारी मुलं कधी येणार? हॉल हसला. त्या बाईंनी वही मिटून पर्समध्ये ठेवली. पाचपर्यंत त्यांना पुढं निघायचं होतं.

मग बाजूच्या खोलीतून तू आलीस. पायांत काही नाही. दोन्ही हात टेकत, पाय मागं ओढत, पिवळा नवा झगा सतरंजीवर घासत. चारशे माणसं माना उंचावून बघत होती. स्टेजवर सुंदररावांनी तुला कॅलिपर चढवले. एक पट्टा त्यांच्याकडून दोनदा चुकला. तू उठलीस, चार पावलं चाललीस, आणि जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो मला आजही ऐकवत नाही. पाहुण्या बाई रडत होत्या. तू कोरड्या डोळ्यांनी सुंदररावांकडं बघत होतीस. घरी आल्यावर एकच वाक्य बोललीस, "काकांनी मला समद्यांपुढं रांगायला लावलं." त्यानंतर एम-एटीचा आवाज आला की तू आतल्या खोलीत जायचीस. दहावीचे पेढे द्यायलाही बाहेर आली नाहीस. ते ओट्यावर पाणी पिऊन जायचे. बारावीला त्यांनी पाठवलेलं पेन तू परत पाठवलंस.

त्याच वर्षी दिवाळीपर्यंत उरलेल्या त्रेचाळीसच्या त्रेचाळीस लेकरांना कॅलिपर मिळाले. त्यातल्या बंकटचं फाट्यावर पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे, झटका आला तेव्हा त्यानंच सुंदररावांना उचलून जीपमध्ये घातलं. आणि तुझे कॅलिपर? दर दीड वर्षाला तुझे पाय वाढायचे, मी अंगणवाडीच्या टेपनं माप घ्यायची आणि सांगायची, सरकारकडून नवे येणार. सरकारकडून काही येत नव्हतं, शिवा. ते माप सुंदरराव खिशात घालून अंबाजोगाईला कारागिराकडं जायचे, तयार झाले की पोत्यात बांधून माझ्या अंगणवाडीत आणून ठेवायचे. नोकरीला लागलीस तोवर सहा वेळा. तुझ्या हाती द्यायला ते कधी आले नाहीत, कारण त्यांनी आणलेले म्हटल्यावर तू घातले नसतेस.

इथपर्यंत लिहून मी दोनदा उठले. भांडी घासून आले, शेळीला पाला टाकून आले. आता लिहिते. पाहुण्या बाईंनी वही मिटली तेव्हा माझ्या मांडीवर त्रेचाळीस नावांची यादी होती आणि त्यातल्या एकेका घरी मी आशा लावून आले होते. मी उठून सुंदररावांना गाठलं आणि म्हटलं, एक लेकरू बिनकॅलिपरचं दाखवू, त्याबिगर ह्यांना कळायचं न्हाई. ते म्हणाले, "नको, विमलबाई. तिला समदं कळतंय आता." मी तुझं नावही घेतलं नव्हतं. त्यांनी माझ्या तोंडावर वाचलं. ते वळले आणि मी तुला ओळीतून उठवून बाजूच्या खोलीत नेलं. तू बकलावर दोन्ही हात दाबून धरलेस आणि विचारलंस, कावून? माझं तू ऐकलं नसतंस. त्या दिवसांत तू एकाच माणसाचं ऐकायचीस. म्हणून मी म्हटलं, "सुंदरकाका म्हणतेत, काढ." आणि तू लगेच हात बाजूला घेतलेस. दाराशी तुला बघितलं तेव्हा त्यांना कळलं, पण तोवर सगळा हॉल तुझ्याकडं बघत होता. पट्टे सोडले ते मी. अशक्त लेकरू पुढं बसवलं ते मी. माझं स्वतःचं.

दोन दिवसांनी मी वजनकाट्यावर गेले होते, शिवाला खरं सांगते म्हणायला. त्यांनी काट्याची खिडकी लावून घेतली आणि म्हणाले, "लेकराला आई एकच असती, बाई. तिला अजून तुमच्याच कडेवर बसून शाळेत जायचंय. मी लांबचा माणूस, ऱ्हाऊ द्या राग माझ्यावर." मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. तेरा वर्षं मी त्या सुटकेवर आई म्हणून मिरवले, तुझ्या तोंडून त्यांना नावं ठेवलेली ऐकली, आणि भाकरी वाढत राहिले. शनिवारी दवाखान्यात गेले. त्यांचं तोंड वाकडं झालंय, शब्द नीट निघत नाहीत. माझा हात धरून त्यांनी विचारलं, "शिवाचा राग गेला का?" कौशल्याबाई उशाशी उभ्या होत्या. मी म्हटलं, तिला मी सगळं खरं सांगितलं, तिचा राग कधीच गेला, ती पुढच्या रविवारी, सतरा तारखेला, येतेय. त्यांनी डोळे मिटले, आणि आता रोज सकाळी बाईंना वार विचारतात. तेव्हा त्यांच्या नावावर तुझ्याशी खोटं बोलले, आणि आता तुझ्या नावावर त्यांच्याशी. माझ्याशी तू जन्मभर बोलू नकोस, मी तक्रार करणार नाही. सांगितल्याचं खोटं या कागदानं मी खरं केलंय. येण्याचं खरं करणं माझ्या हातात नाही, शिवा.

अजून म्हणू दिलंस तर तुझीच,
आई