पंपघरामागचे झाड

मी, उद्यान खात्यातली वृक्ष निरीक्षक, वय सत्तावीस, घरातली पहिली पदवीधर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गेल्या महिन्यात वादळात मोडलेली फांदी हेल्मेटला चाटून खाली आली, तेव्हापासून मनात होते.

माझी शिल्लक आईला. पदवीची चौकट भिंतीवरून काढू नये. ती पदवी बाबांनी पाण्याचा टँकर चालवून मिळवली, मी फक्त परीक्षा दिली. हातकरवत धाकट्या भावाला. तिला तेल द्यायचा आळस मात्र त्याने सोडावा. वृक्षारोपणाच्या फोटोपुरती माझी खुरपी मागून नेणाऱ्या अधीक्षकसाहेबांना ती खुरपी, मातीसकट.

आता पंपघरामागचे झाड. ते शहराचे आहे, मी कोणाला देऊ शकत नाही. माझी आहे ती त्यामागची लाज.

बागेतली पंपघरामागची मोकळी जागा मोकळीच राहावी, तिथे कोणाच्या आठवणीचे झाड लावू नये, हा नियम माझ्याच आग्रहाने झाला. शेजारच्या शिलाईवाल्या मावशी, मुलगा गेल्यावर, रोप घेऊन आल्या होत्या. “नियम सगळ्यांना सारखा, मावशी,” म्हणून मी त्यांना परत पाठवले. पुढे बाबा गेले, आणि मी कागदावर खात्याची लागवड दाखवून त्यांच्या नावाचे झाड तिथेच लावले. आई त्याला पाणी घालते. मावशीही तिच्यासोबत सावलीत बसतात. “तुझ्या खात्याचं झाड छान धरलंय हो,” म्हणतात. माझी मान वर होत नाही.

माझ्या मृत्यूनंतर भावाने हे मावशींना आणि खात्याला सांगावे.

इथवर लिहून मी मावशींना साक्षीला बोलावले. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, असे वकील म्हणाले होते, त्याच भरवशावर. मावशी म्हणाल्या, “माप घेतल्याशिवाय मी कापड कापत नाही, आणि न वाचता सही करू?” वाचून झाल्यावर बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “तू मरेपर्यंत मी थांबायचं होतं होय गं? माझे पांढरे केस बघ जरा.”

म्हणून ‘माझ्या मृत्यूनंतर भावाने’ आणि ‘मावशींना आणि’ हे शब्द मी खोडले आणि पहिल्या जागी वर ‘उद्या सकाळी मी स्वतः’ असे लिहिले. खाडाखोड माझीच आहे.

ठिकाण: माझी खोली. दिनांक: ९ मार्च.
लिहून देणारी: सही केली.
साक्षीदार पहिले: रोपवाटिकेतले माळीकाका. सही केली.
साक्षीदार दुसऱ्या: शिलाईवाल्या मावशी. “खात्यात जाऊन ये, मग करते,” म्हणाल्या. जागा कोरी ठेवली आहे.