पुरवणी यादीतली मीना

१४ जुलै १९९७
चालला! एकदाचा चालला माझा प्रोग्रॅम! डी.एड.च्या निवड यादीतले चौदाशे नंबर, चढत्या क्रमाने. मधला नंबर बघायचा. आपला लहान असेल तर पुढची अर्धी यादी सोडायची, मोठा असेल तर मागची. उरलेल्या अर्ध्यात परत तेच. फार तर अकरा वेळा, की निकाल स्क्रीनवर! आमच्या कॉम्प्युटर सेंटरवरचा सुनील अजून कागदावर बोट फिरवतोय. बावळट.

१५ जुलै
कॉलेजने चाळीस जणांची पुरवणी यादी पाठवली. मूळ यादीच्या शेवटी टाइप करून टाकली.

१७ जुलै
नुसती गर्दी. सुरगाण्याकडची मीना आली होती, सोबत वडील मंगळू. नंबर टाकला — ‘यादीत नाही’.
ती म्हणाली, ‘सर, कागदावर बघता का येकदा?’
मी हसलो. म्हटलं, मग कॉम्प्युटर कशाला आणलाय?
बाप सगळ्यांसमोर तिच्यावर डाफरला — ‘नंबर लागनारच म्हनत होती! खोटारडी!’

२ ऑगस्ट
अरे देवा.
सुनीलने सहज पुरवणीतले नंबर टाकून पाहिले. चाळीसातले दोनच सापडले! नवे नंबर शेवटी टाकले आणि यादी परत क्रमाने लावलीच नाही मी. लहान नंबर टाकला की प्रोग्रॅम शेवटाकडे बघतच नाही. मीनाचा नंबर तिथेच आहे.
बाकीच्यांनी कॉलेजातली यादी पाहिली होती. मीना आणि तिचे वडील मात्र माझ्या शब्दावर परत गेले. प्रवेशाची मुदत परवाच संपली.

४ ऑगस्ट
कॉलेजात गयावया केली. ‘जागा भरली. चूक तुमची, आम्ही काय करणार?’ खरंच आहे.

५ ऑगस्ट
सुरगाण्याला जायचं होतं. पोट दुखतंय म्हणून आईला थाप मारली आणि पडून राहिलो. भित्रा!

१० ऑगस्ट
गेलो. सेंटरच्या रजिस्टरमध्ये मीनाच्या गावाचं नाव होतं. दोघं भाताच्या लावणीत, गुडघाभर चिखलात. बांधावरूनच सगळं सांगितलं — चूक माझी, नंबर होता, पण आता जागा गेली. शिव्या खायची तयारी होती माझी.
मीना बापाकडे वळली.
‘बघ बा! नव्हते ना मी खोटं बोलत?’