तिने खणू न दिलेलं कुरण

मी, खाली सही करणारा, माती सर्वेक्षण कार्यालयातून निवृत्त झालेला सर्वेक्षक, राहणार शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, माझ्या मागे माझ्या मिळकतीचं काय व्हावं ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी दमात घेतलेलं नाही, की गोड बोलून भरीला घातलेलं नाही. दोन्ही मुलांनी तसा प्रयत्न केला, पण बहुतेक फोनवर, आणि फोन मी कानापासून लांब धरतो. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. पुन्हा करण्याची ताकद नाही, तेव्हा हेच शेवटचं समजावं.

वकीलबाई म्हणाल्या, "काका, थोडक्यात लिहा." मी आयुष्यभर थोडक्यातच लिहिलं. रंग, पोत, ओल, मुळं, खोली, संपलं वर्णन. आता जरा ऐसपैस लिहू द्या.

कलम पहिलं. बँकेत जे उरलं असेल ते मुलगा आणि मुलगी यांनी निम्मं निम्मं घ्यावं. फार नाही. त्यावरून भांडण करण्याचा त्रास घेऊ नये, भांडायला पुढे जागा ठेवली आहे.

कलम दुसरं. माझी शाळेची मराठीची पुस्तकं, पत्र्याच्या पेटीतली, मुलीला द्यावीत. त्यातल्या कविता मला अजून पाठ आहेत. आमच्या बाई छडी टेबलावर आपटून ताल धरायच्या आणि आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो. अर्थ कित्येक वर्षांनी, पठारावर एकटा चालताना कळला. तिथे वारा एवढा असायचा की कविता मोठ्याने म्हटल्याशिवाय स्वतःलाच ऐकू यायची नाही. जीपचा ड्रायव्हर म्हणायचा, "साहेब, गवत पळून जाईल हो." गवत कुठेही गेलं नाही. ड्रायव्हर गेला, जीप भंगारात गेली, आणि मी इथे शिलाई मशीनचा आवाज ऐकत बसलो आहे. त्या आवाजातही ताल आहे, पण बाईंची सर नाही.

कलम तिसरं. निजायच्या खोलीत भिंतीवर जी उभी फळी आहे, जिच्यावर पठाराच्या मातीचा अख्खा छेद डिंकाने चिकटवलेला आहे, वरच्या काळ्या थरापासून तळाच्या पांढऱ्या चुन्यापर्यंत, ती फळी माझ्या जुन्या साहेबांना द्यावी. ते अजून आहेत, बागेतल्या बाकावर रोज संध्याकाळी भेटतात, आणि अजून त्यांचंच खरं असतं. ही फळी त्यांच्या पलंगासमोर टांगावी. कारण येणेप्रमाणे.

उंच पठारावरच्या गवताळ रानाची माती वरून सगळी एकसारखी दिसते. खणल्यावर तिचे दोन वर्ग निघतात. एक खोल: काळा भुसभुशीत थर जाड, चुना लांब खाली, तिथे नांगर चालतो. दुसरी उथळ: काळा थर जेमतेम, त्याखाली तांबूस चिकट माती, आणि लगेच चुन्याचा पांढरा, कुदळीला न जुमानणारा थर. तिथे फक्त गवत राहू शकतं. मुळांनी ती माती मुठीत धरलेली असते. मूठ सोडवली की वारा दोन-तीन उन्हाळ्यांत सगळं घेऊन जातो. नवीन आलेल्या पोरांना हे लक्षात राहावं म्हणून मी शाळेच्या चालीवर दोन ओळी केल्या होत्या:

काळी वर, तांबूस मध्ये, तळाशी चुन्याची रेघ;
वरचीच जर वाऱ्याने नेली, काय कामाचा मेघ?

कविता म्हणून साधारणच आहे. बाईंनी दहापैकी पाच दिले असते.

हे दोन्ही वर्ग पठारावर शेजारी शेजारी नांदतात. खोलगटात खोल, उंचवट्यावर उथळ, मध्ये काय ते खणल्याशिवाय देवालाही सांगता यायचं नाही. पठाराच्या नकाशात मी हिरव्या रंगाच्या खोल मातीत पिवळ्या रंगाचे उथळ मातीचे ठिपके दाखवले होते. छपाईला पाठवताना साहेबांनी ठिपके पुसले. म्हणाले, "अहो, हा नकाशा आहे का गोवर आलेलं पोर?" सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो, मग घरी येऊन जेवलो नाही. नकाशा सलग हिरवा छापला गेला आणि खाली वर्ग लिहिला, "खोल, लागवडीस योग्य", आणि तयार करणारा म्हणून माझं नाव. तेव्हा साहेबांनी आता सकाळी डोळे उघडताच ती पांढरी रेघ बघावी. फळीची धूळ गळते, उडून उशीवर पडते. आमच्या घरात मी त्यावरून पुष्कळ ऐकून घेतलं आहे, आता त्यांनी ऐकावं.

कलम चौथं. गमबूट, चाळण्या, छत्री, शिंप्याने तीनदा उसवून शिवलेला कोट: ज्याला होतील त्याने वापरावेत. हत्यारांबद्दल पुढे.

कलम पाचवं. हेच खरं कलम. वकीलबाईंनी इथून नीट वाचावं.

माझ्या मालकीचं एक कुरण पठारावर आहे. तिच्या आणि माझ्या कमाईतून घेतलेलं. तिच्या म्हणजे माझ्या पत्नीच्या, जी आता नाही. मुलाचं गॅरेज अलीकडे चालत नाही. त्याला कुरण नांगरून बटाटा लावायचा आहे. ट्रॅक्टरवाल्याशी बोलूनही ठेवलं आहे. मुलगी आणि जावई मेंढ्या पाळतात. इतर चराई सुकली की त्यांचा कळप या कुरणावर तगतो. कुरण गेलं तर कळप विकावा लागेल. दोघांचंही पोट त्यावर आहे, दोघंही माझीच आहेत, आणि दोघं आता एकमेकांशी बोलत नाहीत. मलाच सांगतात. याने काय म्हटलं ते तिला, तिने काय म्हटलं ते याला. या वयात मी टेलिफोन खात्यात लागलो आहे.

मुलगा मागच्या महिन्यात आला तो साहेबांचा सलग हिरवा छापील नकाशा घेऊनच. माझ्या जेवणाच्या ताटाशेजारी पसरला.

"बाबा, आपलं कुरण कुठे येतं? बोट ठेवा."

ठेवलं.

"रंग कुठला?"

"हिरवा."

"आणि हिरवा म्हणजे काय, ते खाली कोणी लिहिलंय?"

"अरे, या नकाशात आपलं कुरण मुंगीच्या डोक्याएवढं आहे. तेवढ्यावरून…"

"मग तुम्ही सगळी नोकरी मुंग्यांची डोकी रंगवण्यात घालवलीत का? लहानपणी भिंतीवर हाच लावला होता ना तुम्ही? मी शाळेत सगळ्यांना सांगायचो, माझ्या बाबांनी अख्खं पठार ओळखलंय. आता तुम्हीच म्हणताय ते खोटं?"

मी पाणी प्यायलो. पोराचा माझ्यावर एवढा विश्वास आहे हे मला ठाऊक नव्हतं. तो नेमका कागदावरच्या माझ्यावर आहे.

मुलीचा त्याच संध्याकाळी फोन. "बाबा, तुम्ही दादाला एकदा ठणकावून सांगा ना. तुमचं ऐकेल तो."

"माझंच तर ऐकतोय गं तो. तरुणपणीच्या माझं."

"ते काही नाही. सरळ सांगा, खाली चुना आहे."

"तसं वाटतं खरं. चालताना जमीन पायाखाली टणक वाजते. उंदरांनी उकरलेल्या मातीत पांढरे खडे दिसतात."

"वाटतं म्हणजे? खणून नाही पाहिलंत तुम्ही?"

यावर मी फोन लांब धरला.

खणून नाही पाहिलं. पठारावर जिथे म्हणून उभा राहिलो तिथे खड्डा घेतला, पण स्वतःच्या कुरणाला कधी कुदळ लावली नाही, आणि त्याचं कारण इथे लिहितो म्हणजे मुलांना चुकीचं काही वाटायला नको. कुरण घेतलं त्या दिवशी आम्ही दोघं तिथे गेलो. मधल्या उतारावर एक सपाट दगड आहे, त्यावर ती बसली, चपला काढून पाय गवतात सोडले. मी सवयीने पिशवीतून गिरमिट काढलं. म्हणाली, "अहो, ठेवा ते आत. तुम्हाला जिथे तिथे खड्डाच दिसतो. जगात एक जागा तरी नुसती बसायला ठेवा." मी म्हटलं, "अगं, फक्त एक भोक." म्हणाली, "भोकसुद्धा नाही. शब्द द्या." दिला. मग मी कविता म्हटल्या आणि ती डोळे मिटून ऐकत होती, किंवा झोपली होती. मी विचारलं नाही. त्यानंतर कितीतरी वेळा गेलो, हात शिवशिवायचे, पण शब्द पाळला. ती गेल्यावरही पाळला. एकटा तिथे जाऊन खणणं म्हणजे तिच्या पाठीमागे काहीतरी केल्यासारखं वाटलं असतं. आता तर तेवढं चढवतही नाही.

तेव्हा व्यवस्था अशी. माझ्या मागे, गवताला नवी पालवी फुटायच्या आत, मुलाने आणि मुलीने मिळून त्या सपाट दगडाच्या खालच्या बाजूला एक खड्डा घ्यावा. वर उंचवट्यावर घेतला तर मुलगी जिंकेल, खाली खोलगटात घेतला तर मुलगा. एवढं मला न खणताही सांगता येतं. म्हणून मधोमध. खणावं मुलाने, माझ्या कुदळीने. मुलीने काठावर उभं राहून आम्लाची बाटली धरावी. खड्ड्याची एक भिंत सरळ तासून घ्यावी आणि वरून खाली थेंब थेंब टाकत यावं. जिथे माती फसफसायला लागते तिथे चुना सुरू झाला. कपडे जुने घालावेत, माझ्या सगळ्या शर्टांची भोकं त्याच बाटलीची आहेत.

चुना कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या अंतराहून वर लागला, तर माती उथळ. कुरण मुलीचं, आणि ते कधीही नांगरू नये. मी राहतो त्या दोन खोल्या, त्याही माझ्याच मालकीच्या, मुलाच्या. विकून गॅरेज सावरावं किंवा दुसरं काही करावं. चुना त्याखाली लागला, किंवा लागलाच नाही, तर माती खोल. कुरण मुलाचं, नांगर उताराला आडवा चालवावा, आणि दोन खोल्या मुलीच्या. हात मुलीचा धरावा. तिचा आखूड आहे, म्हणजे मुलाला बोलायला जागा नको. मुलीला बोलायचं असेल तर हात आईकडून आले आहेत, माझा इलाज नाही.

हे ऐकून वकीलबाईंनी चष्मा काढला. "काका, कोर्ट असं खड्ड्यात उतरत नाही हो."

"कोर्टाला कशाला त्रास? मुलं उतरतील."

"आणि नाही उतरली तर?"

"तर सगळं विकून माती सर्वेक्षण कार्यालयाला द्यायचं, साहेबांच्या नावाने."

त्यावर त्या म्हणाल्या, "उतरतील."

खड्ड्याचं जे निघेल ते दोघांनी त्या छापील नकाशावर, आमच्या कुरणाच्या जागी, लिहावं. हिरव्यात पिवळा ठिपका निघाला तर ठिपका द्यावा, नाही निघाला तर हिरवं तसंच राहू द्यावं. दोघांनी खाली सह्या कराव्यात. माझ्या नावाच्या शेजारी जागा आहे.

खणताना वरची गवताची लादी अलगद काढून सावलीत ठेवावी. काळी माती एका गोणपाटावर, तांबूस दुसऱ्यावर, चुना तिसऱ्यावर, मिसळू नये. बुजवताना जे शेवटी निघालं ते आधी आत जाईल, आणि प्रत्येक थर पायाने दाबून मग पुढचा. सगळ्यात वर गवत, हिरवी बाजू आकाशाकडे. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण मी पदवीवाल्यांनी उलटं लावलेलं पाहिलं आहे. वरून बादलीभर पाणी. पुढच्या मोसमात खड्डा कुठे होता ते सापडता कामा नये. हत्यारं धुवून, कोरडी करून, ज्याला कुरण मिळालं नाही त्याने न्यावीत.

तिची बंदी मी या कलमाने मुलांपुरती उठवतो. शब्द मी दिला होता, तो मी निभावला, तो माझ्याबरोबर संपतो. खड्डा बुजवून झाल्यावर दोघांनी त्या दगडावर थोडा वेळ नुसतं बसावं. ही अट नाही. दोघं मावतील एवढा तो आहे, आम्ही मावत होतो.

कलम सहावं. माझ्या मागे भाषणं करू नयेत. कविता म्हणायची कोणाला हुक्की आली तर पाठ असलेलीच म्हणावी, कागदावर बघून म्हटलेली मला आवडत नाही.

शिंपी साक्षीला वर आला आहे. त्याने हे सगळं वाचलं आणि विचारलं, "पण काका, तुमच्या मनात काहीतरी असेलच की. तुमच्या हिशोबाने चुना कुठे लागेल?"

आहे. बोटाच्या पेरापर्यंत नक्की आहे. पण तो अंदाज मी इथे लिहिणार नाही, आणि शिंप्यालाही सांगितलेला नाही. लिहिला तर मुलगा तो वाचेल, त्यावर विश्वास ठेवेल, आणि खणणार नाही.

दमलो. इथे सही करतो.

लिहून ठेवणार: निवृत्त माती सर्वेक्षक (सही)

साक्षीदार पहिला: खालचा शिंपी. मजकूर मी वाचला, सही माझ्यासमोर केली. मध्ये एकदा चहा झाला. (सही)

साक्षीदार दुसरी: समोरच्या दवाखान्यातली नर्स. सही करताना हात थरथरला तो वयाने, मनाने नाही. (सही)

ठिकाण: खिडकीजवळचं टेबल, शिलाई मशीनच्या बरोबर वर.
दिनांक: रविवार, दुपार, पठारावरचं गवत पिवळं पडायला लागलं असेल, त्या सुमारास.