एका विटेची भिंत

१४ नोव्हेंबर, दुपार

ती. दादा,

वाकून नमस्कार. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला, रागावू नकोस. आमच्याकडे सगळं ठीक. मुलीचे पुढचे दोन्ही दात पडलेत, बोलताना शिट्टी वाजते. ह्यांचा खोकला काही पाठ सोडत नाही. आईचे गुडघे कसे आहेत? वहिनीला सांग, तिनं पाठवलेला स्वेटर मापात बसला.

आता तू विचारलंस त्याबद्दल. खोल्याखोल्यांतून, जिन्यांवर, पाच-दहा पावलांवरून लढताना कोणती गोळी माणसाला लगेच पाडते, हलकी की जड? ‘तुम्हा डॉक्टरांना जे दिसतं ते आम्हाला चाचणीच्या मैदानावर दिसत नाही,’ असं तू लिहिलं आहेस. पुढच्या शस्त्रखरेदीच्या बैठकीत तुला ते मांडायचं आहे.

तर ऐक. आखूड बंदुकीतून सुटलेली पिस्तुलाची गोळी लागलेले बरेचजण वाचतात. अंगात चिलखती जाकीट असेल तर शिव्या देत स्वतःच्या पायांनी आत येतात. साडेपाच मिलिमीटरची हलकी रायफलची गोळी वेगळी. जवळून लागली की आत जाऊन आडवी होते, फुटते. बाहेरून भोक करंगळीएवढं आणि आत चाळण. पण माणूस लगेच पडेलच असं नाही. एकजण दोस्ताला खांद्यावर घेऊन आमच्या पायऱ्या चढला. “आधी याला बघा,” म्हणाला आणि बाकावर बसला. दोस्ताला टाके घालून मी बाहेर आले, तर हा बसल्या जागीच गेलेला. त्याच्या पोटातही गोळी होती, कुणाला कळलंच नाही.

म्हणजे तुझं म्हणणं खरं आहे, हलकी गोळी भरवशाची नाही. हलकी म्हणजे दयाळू, असंही कुणी समजू नये. तिचे तुकडे वेचताना मान मोडून येते.

राहिली जड, साडेसातची. ती मी ओळखते. गेल्या वर्षी तू घरी आणून जेवणाच्या टेबलावर उभी करून ठेवली होतीस. वहिनी ओरडली, “या घराला आधीच साडेसाती कमी आहे का? उचला ती!” आपण सगळे हसलो. आपला धाकटा तर ठसका लागेपर्यंत हसला. दार, वाळूचं पोतं, विटांची भिंत, सगळं आरपार, असं तू सांगत होतास. भिंतीआड लपलेला सुटत नाही म्हणालास. पुढे समितीत तुझा शब्द चालला आणि शहरात उतरणाऱ्या तुकड्यांना तीच रायफल मिळाली. धाकट्याच्या तुकडीलाही.

मागच्या चार ओळींच्या पत्रात मी लिहिलं होतं, धाकटा मजेत आहे. दादा, तो मजेत नाही. तो माझ्या इस्पितळात आहे, खिडकीजवळच्या खाटेवर. तेव्हाही होता.

त्याची तुकडी एका चाळवजा इमारतीत शिरली होती. हा एका खोलीत, लंबू शेजारच्या. लंबू म्हणजे याचा भरतीपासूनचा मित्र, सुट्टीत आपल्याकडे येऊन गेलेला, दाराच्या चौकटीला डोकं आपटून घेणारा. लंबूच्या समोर एकजण हत्यार घेऊन उभा राहिला. लंबूनं एकच गोळी झाडली आणि तो माणूस जागच्या जागी कोसळला. अगदी तू म्हणतोस तसा. गोळी मात्र थांबली नाही. त्याच्यातून निघाली, मागच्या एका विटेच्या जाडीच्या भिंतीतून गेली आणि आपल्या धाकट्याच्या कमरेत शिरली.

सख्खा भाऊ म्हणून मला आत उभं राहू दिलं नाही. मोठ्या सर्जननी ऑपरेशन केलं. जखमेत विटेचा लाल चुरा होता. वाटीत काढून ठेवलेली गोळी मी पाहिली आणि न विचारता मला कळलं, ती कुठल्या बाजूची आहे.

कमरेखाली त्याला काही कळत नाही. सर्जन म्हणतात, वाट पाहू. सर्जन तसं कधी म्हणतात ते मला ठाऊक आहे, मीही म्हणते.

लंबू रोज येतो आणि वॉर्डच्या दारात थांबतो. “ताई, तो माझ्याकडे बघेल का हो?” विचारतो आणि उत्तर न ऐकताच निघून जातो. काल धाकट्यानं त्याला पाहिलं. “ए लंबू, तिथं काय खांबासारखा उभा? आत ये. माझे पाय सरळ आहेत की वाकडे, मला समजत नाही. नीट करून दे.” लंबूनं पांघरूण बाजूला केलं, एकेक पाय दोन्ही हातांनी उचलून सरळ ठेवला. मग खाटेच्या कडेला कपाळ टेकून असा रडला की शेजारच्या पेशंटनं तोंड फिरवलं. धाकटा त्याच्या डोक्यावर थोपटत राहिला.

तुला कळवायचं नाही, अशी त्यानं मला शपथ घातली होती. “ताई, दादाला सांग मी जिन्यावरून घसरलो. खरं कळलं तर तो पुन्हा जेवायचा नाही.” आज ती शपथ मी मोडते आहे. माझं मत घेऊन तू बैठकीत उभा राहणार आणि हे तुला माहीत नसणार, ते मला सोसवेना.

मी तुला दोष देत नाहीये. तुला तुझी माणसं जिवंत परत हवी होती. हलकी निवडली असतीस तर कदाचित लंबूसमोरचा माणूस पडला नसता आणि आज मी लंबूच्या घरी पत्र लिहीत असते. यातलं बरोबर काय, मला सांगता येत नाही. माझं मत हवंच असेल तर एवढंच लिही, की मैदानावरच्या भिंतीमागे कुणी नसतं. शहरात प्रत्येक भिंतीमागे कुणीतरी असतं. मग तुम्ही ठरवा.

आईला मी काही कळवलेलं नाही. ते तुलाच करावं लागेल. तिच्याजवळ बसून सांग, उभ्यानं नको.

बैठकीला जा की इकडे ये, मी सांगणार नाही. आलास तर साध्या कपड्यांत ये. आणि त्याच्यासमोर माफी मागू नकोस, ती पेलायची ताकद सध्या त्याच्यात नाही. नुसता बस.

तुम्हा दोघांच्या मधली,
तुझी बहीण