मंगळावरचा धोंडा आणि आपली आई

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (या खेपेला जरा जास्तच वाकलोय, कारण मान वर करायची सोय राहिलेली नाही.) भावोजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुझी दाढ काढलीस, की अजून त्या डॉक्टरांनाच धाकात ठेवलं आहेस? आई इथे माझ्याकडे खुशाल आहे. पुढचं सगळं तिच्या येण्यापासूनच सुरू झालं, म्हणून आधी तिची खुशाली.

तू सासरी सगळ्यांना सांगतेस की माझा भाऊ मंगळावर गाडी चालवतो. कृपा करून सांगू नकोस. चालवत बिलवत कुणी नाही. इथून निरोप पोचायलाच कित्येक मिनिटं लागतात, तोवर गाडी खड्ड्यात जायची. म्हणून आम्ही उद्याचा रस्ता आजच लिहून पाठवतो: इतकी पुढे जा, वळ, थांब, फोटो काढ. त्याआधी तालीम असते. ऑफिसात तळमजल्यावर वाळू पसरलेली एक मोठी खोली आहे. मंगळावरच्या गाडीने (आम्ही तिला थोरली म्हणतो) धाडलेल्या फोटोत जो दगड जिथे दिसेल, तसाच दगड या वाळूत तिथेच मांडायचा आणि तिची जुळी, म्हणजे धाकटी, त्यातून चालवून बघायची. (धाकटीचं वजन मुद्दाम कमी ठेवलंय, कारण मंगळावर सगळ्याचंच वजन तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतं. हे ऐकून आई म्हणाली, "मग तुझ्या मामीला नेऊन सोडा तिथे.") दगड मांडायचं काम वाळूकाकांचं. माणूस अबोल, पण दगड असा ठेवतो की जणू तो तिथेच जन्मला.

रविवारी ऑफिस रिकामं, म्हणून आईला ती खोली दाखवायला नेलं. मला काय, ऐकणारं माणूस मिळालं. तिथली हवा असून नसल्यासारखी, थंडीपुढे आपला फ्रीज उबदार वाटावा, कधीकाळी पाणी वाहिल्याच्या खुणा आहेत पण आता वाहता थेंब नाही, आणि माती तांबडी कारण तिच्यातलं लोखंड गंजलंय. आई म्हणाली, "इतकी वर्षं कुणी झाडलं नाही की असंच होणार." तेवढ्यात तिला वाटेत एक धोंडा दिसला. कुणाला ठेच लागायला नको म्हणून तिने तो उचलून भिंतीशी ठेवला. तू ओळखतेसच तिला, दुसऱ्याच्या दारातल्या चपलासुद्धा ओळीत लावते.

सोमवारी तालीम लोण्यासारखी झाली. थोरलीला हुकूम गेला. पण तिथला धोंडा जागच्या जागीच होता, त्याला कोण उचलणार! पुढचं चाक वर चढलं, गाडी कलली आणि पोट धोंड्यावर टेकून थांबली. ती उन्हावर चालते, आणि तिथे आता हिवाळ्याच्या तोंडावर ऊन उतरणीला लागलंय. तशीच अडकून राहिली तर गारठून कायमची बंद पडेल. एवढं अंतराळ पार करून गेली बिचारी, आणि माझ्यापायी (म्हणजे आपल्या घरापायी) धोंड्याला अडली.

आमच्या मोठ्या बाईंनी बैठक घेतली. वाळूकाका म्हणाले, "बाई, तो धोंडा मी मांडला होता." कुणाला खरं वाटलं नाही. मी माझ्या बुटांकडे बघत बसलो. काकांना चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय. चौकशी येत्या सोमवारी आहे. तेव्हा मी उठून सांगणार आहे की धोंडा माझ्या आईने हलवला. वयस्कर बाई, नकळत झालं, तिला कोण काय बोलणार? आईलाही विचारलं. म्हणाली, "सांग माझं नाव खुशाल. मला कुठे तिथे नोकरी करायचीय?"

भावोजींना नमस्कार, पोरांना लाड.

तुझा,
धाकटा

ता. क. वरचं सगळं तुला पटलं का? तुला पटलं तर मोठ्या बाईंनाही पटेल, म्हणून आधी तुझ्यावर तालीम केली.

आणखी एक ता. क. ताई, धोंडा आईने हलवला नाही. ती दारातच उभी होती, "तुझ्या कामाचं काही बिघडेल रे," म्हणत. मीच तिला ओढून आत नेलं. धाकटीशेजारी तिचा फोटो नीट यावा म्हणून मधला धोंडा मी बाजूला केला आणि परत ठेवायला विसरलो. मला माझीच लाज वाटते. काकांच्या घरावरून जायला नको म्हणून रोज लांबच्या रस्त्याने ऑफिसला जातो.

शेवटचं. सोमवारी सकाळी मी निघायच्या आत फोन कर आणि मला असं झाडून काढ की खरं बोलल्याशिवाय गत्यंतर राहू नये. तेवढ्यासाठीच हे पत्र. आईच्याने ते होणार नाही. ती सोमवारी माझ्याबरोबर यायला ठेवणीतले कपडे इस्त्री करून बसली आहे.