बाकालारच्या होडीत आई

पेतो, युकातान
१४ मार्च, बुधवार

प्रिय एवारिस्तो,

देवमातेच्या कृपेने मी बरी आहे, तूही सुखरूप असावास. पाकिटावरचं माझं नाव बघून तू ते दोन-चार दिवस बाजूला ठेवलं असशील, हे मला ठाऊक आहे. उघडलंस, हेच पुष्कळ. आता उभ्याउभ्या वाचू नकोस. बस कुठेतरी.

इकडचं सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात, पण डोळे अजून साथ देतात, म्हणून हिपिल-झग्यांवरचं भरतकाम चालू आहे. मेरिदाची एक बाई येते आणि तयार झगे घेऊन जाते. मागच्या वादळात स्वयंपाकघराचं छप्पर उडालं होतं, तिथे आता पत्रा घातलाय. तुला आवडायचं नाही ते. पाऊस आला की घरात बोललेलं ऐकू येत नाही. शेजारची फेलिसितास तशीच आहे, फक्त रुंद झाली आहे. नवरा गेल्यापासून तिला बोलायला कोणी नाही, म्हणून ती सगळ्यांशी बोलते.

आपण शेवटचं बोललो ते फाटकापाशी. त्याबद्दल आत्ता नको.

तुला बाकालारची गोष्ट सांगायची आहे. चर्चच्या बायकांनी एका दिवसाची सहल काढली. सात रंगांचं सरोवर, होडी, गाइड, दुपारचं जेवण आणि संध्याकाळी घरी. मी नाही म्हणाले. फेलिसितास म्हणाली, "इतकं जवळ असून तू ते पाहिलं नाहीस! मेल्यावर देवाने विचारलं, मी एवढं रंगवून ठेवलं होतं ते बघितलंस का, तर काय सांगशील? भरतकाम होतं म्हणून?" मग गेले.

गाडी पहाटेच निघाली. फेलिसितासने डुकराच्या मटणाचे पाव आणि हाबानेरो मिरचीची बरणी बरोबर घेतली होती, बाकालार जणू उपाशी गाव आहे. आम्ही पोचलो तेव्हा ऊन नुकतं पाण्यावर पसरत होतं. एवारिस्तो, तू इतके समुद्र पाहिलेस, तुला काय सांगायचं? पण मी धाग्यांची बाई. माझ्या पेटीतल्या निळ्या लड्या मी एकेक करून मनात काढल्या आणि त्या संपल्या तरी पाणी संपेना. काठाशी दुधात पाणी घालावं तसं, मग हिरवट, मग पोपटी झाक असलेलं, आणि मध्ये जिथे खोल विवर आहे तिथे एकदम शाईसारखं काळंनिळं. त्या दोन रंगांमधली कड इतकी साफ होती की कुणीतरी टीप मारली आहे असं वाटावं.

बायका जास्त आणि होड्या लहान. बाकीच्या दुसऱ्या होडीत बसल्या. आमच्या होडीत मी, फेलिसितास आणि मोंतेरेचं एक नवं जोडपं. ते पाण्याकडे कमी आणि एकमेकांकडे जास्त बघत होतं. होडी चालवणारी आणि माहिती सांगणारी एकच मुलगी. उंच, उन्हाने रापलेली, डोक्यावर पुरुषी टोपी, आवाज असा की मागच्या होडीलाही फुकटात माहिती मिळावी.

"सनस्क्रीन कोणी लावलंय?" तिने विचारलं. मोंतेरेच्या नवरीने हात वर केला. "मग तुम्ही होडीतूनच बघायचं. पाण्याखाली जे दगड दिसतात ते दगड नाहीत, जिवंत आहेत. तुमच्या-माझ्या पणज्यांच्या आधीपासून इथे बसून आहेत. त्यांना क्रीम सोसत नाही."

"आणि मला पाणी सोसत नाही," फेलिसितास म्हणाली. "मला दोन लाइफ जॅकेटं दे."

"बाई, एकातही तुम्ही बुडणार नाही."

"म्हणजे काय गं? मी जाड आहे असं म्हणतेस?"

"मी म्हणते तुम्ही भक्कम आहात," पोरगी म्हणाली आणि मान मागे टाकून हसली. ते हसणं ऐकून मी वर पाहिलं. का पाहिलं ते तेव्हा कळलं नाही.

होडी निघाली. फेलिसितासने दोन्ही हातांनी बाक धरला आणि भीती घालवायला बोलायला लागली. आम्ही पेतोच्या, असं तिने सांगितलं. मुलीने एकदम मशीन हळू केलं.

"पेतोच्या? माझे बाबा पेतोचे! आजी तिथल्या बाजारात शेंदरीच्या बियांचं वाटण विकायची. तोमासा नाव. तुम्ही ओळखत असाल."

"तोमासा कानुल?" फेलिसितासने तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या पायावर पाय दिला, अगदी जोरात. बिचारी म्हणाली, "बाजार मोठा आहे बाई, किती जणींना ओळखणार." एवढं खोटं ती उभ्या आयुष्यात कधी इतक्या चटकन बोलली नसेल.

आपल्या आईची नात! तर ही तुझी युरिडिया. तुला मुलगी आहे एवढं मला कुणीतरी सांगितलं होतं, पण ती बाकालारला असेल हे मला कुठून कळणार? मी टोपी खाली ओढली आणि पाण्याकडे बघत बसले. वाटलं, दिवस संपेल, आपण उतरू आणि ती ओळखणारही नाही. भित्री म्हण मला. पण तू आपल्या लेकीला माझ्याबद्दल काय सांगितलं असशील, ते ऐकायची माझी हिंमत नव्हती.

पण तिची गोष्ट कुठे थांबते! मोंतेरेच्या जोडप्याला वाटण म्हणजे काय ते समजावताना ती आजीबद्दल सांगायला लागली. आजीचे हात मनगटापर्यंत लाल असायचे, धुऊनही जायचे नाहीत. एकदा मिरवणुकीच्या दिवशी नगरपालिकेचा एक साहेब कोऱ्या पांढऱ्या सदऱ्यात बाजारात आला, भाव पाडून मागायला लागला आणि म्हणाला, तुझं वाटण म्हणजे नुसती विटेची भुकटी. आजी उठली. त्याच्या पाठीवर मायेने थाप मारली आणि म्हणाली, "देव तुमचं भलं करो, साहेब." साहेब तसाच मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे चालला, पाठीवर लाल पंजा घेऊन. आणि आजी बाजारात जमिनीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

मोंतेरेची नवरी हसली, फेलिसितास हसता हसता बाक सोडून बसली. आणि मी?

एवारिस्तो, मी तिथेच होते. टोपली मीच धरली होती. त्या साहेबाच्या पाठीमागे जाऊन पंजाची बोटं आपण दोघांनी मोजली होती. आणि हे सगळं मी विसरले होते. मला आई म्हटलं की एकच दिसायचं. ते काय, ते पुढे लिहिते.

मग होडी एका उथळ जागी आली. तिथे पांढरी वाळू आहे आणि पाणी कमरेइतकंच. सगळे उतरले. फेलिसितास वर बसून पाव खात राहिली. मला पाण्याची भीती नाही, पण शिडीवर गुडघा अडला, तेव्हा युरिडियाने हात दिला आणि सोडला नाही. आम्ही दोघी तशाच चालत राहिलो. पाण्याखालचे माझे पाय मला दुसऱ्या कुणाचे तरी वाटले, गोरे आणि तरुण.

ती म्हणाली, "बाबा मला इथे घेऊन येईन असं लहानपणापासून म्हणायचे. आले नाहीत. मग मीच येऊन राहिले. त्यांच्या तोंडून आजी इतकी ऐकली आहे की मला वाटतं मी तिला पाहिलंय. कानामागे लाल जास्वंद खोवून बाजारात निघाली आहे असं दिसतं मला."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पिवळं. कुंपणावरची पिवळी घंटाफुलं. लाल फूल ती माळायची नाही. म्हणायची, हात लाल आहेत तेवढे पुरेत."

ती थांबली. "तुम्हाला कसं माहीत?"

"फूल रोज मी तोडून आणायचे."

मागे तो मोंतेरेचा मुलगा बायकोचा फोटो काढत होता आणि तिला जरा डावीकडे सरक म्हणत होता. युरिडियाने टोपी काढली. टोपीखाली तुझ्या-माझ्या बाबांचं कपाळ आहे रे तिचं, तुला कधी दिसलं का?

"आत्या?" ती म्हणाली.

मी मान डोलावली. रडले नाही. तीही रडली नाही. माझे दोन्ही हात तिने चोळले आणि म्हणाली, "आधी पाण्यातून वर चला, तुमचे ओठ निळे पडलेत. इथे आत्यांना बुडवायची परवानगी नाही." वरून फेलिसितास ओरडली, "सांगितलंस का एकदाचं? माझा पाय सुजलाय!"

परतताना तिने मला शेजारी बसवलं. मशीनच्या आवाजात हळूच म्हणाली, "तुमचं नाव निघालं की बाबा उठून अंगणात जातात. परत आले की डोळे लाल असतात. आत्या, तुम्ही त्यांच्यासाठी का नाही थांबलात?"

मी तिला उत्तर दिलं नाही. ते आधी तुला द्यायचं होतं.

तू जहाजावर होतास. आईच्या गालाखाली गाठ आली तेव्हा आम्हाला वाटलं दाढ आहे. मेरिदाच्या डॉक्टरांनी घरी पाठवलं. शेवटी शेवटी तिचा अर्धा चेहरा उरला नव्हता. मी जखम धुवायची आणि ती भिंतीकडे बघायची. आरसा तिने मला झाकायला लावला. शेजारणींना आत येऊ देत नव्हती. तिला बोलायला त्रास व्हायचा, पण एका दुपारी तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "एवारिस्तोने मला बाजाराला जाताना पाहिलंय. त्याच्याजवळ तेवढीच राहू दे मला. मी गेले की लगेच नेऊन पुरा. त्याची वाट बघू नका. आणि त्याला हे सांगू नकोस, तो कायम ह्याच चेहऱ्याचा विचार करत बसेल."

मी हो म्हणाले. पहाटे ती गेली, संध्याकाळी आम्ही तिला पोचवलं. तू आलास तेव्हा घरात प्रार्थनेच्या मेणबत्त्या जळत होत्या. तू पिशवीही खाली ठेवली नाहीस. "एक दिवस, रोसेंदा. एक दिवस थांबता आलं नाही तुला?" मी फाटकात उभी होते. उत्तर माझ्या जिभेवर होतं आणि मी ते गिळलं. तू गेलास. मला राग आला होता, खोटं नाही बोलत. पण तो राग तुझ्यावर होता की आईवर, हे मला अजून सांगता यायचं नाही.

आज का सांगते? होडीतून घरी येईपर्यंत मी हाच विचार करत होते. तिने जे मागितलं होतं ते झालंय. तुझ्या घरात ती आजारी पडलीच नाही. तुझ्या लेकीने न पाहिलेली आजी बाजारात बसून हसते आहे. एका साध्या पोरीला, परक्या माणसांच्या होडीत, आईचं हसणं आठवतं. आणि मला, जिने तिच्या कुशीत आयुष्य काढलं, तिला आठवत नव्हतं. मला जखम आठवायची, पट्ट्या आठवायच्या, तो वास आठवायचा. माझ्याजवळ शेवटचे महिनेच उरले होते. तू बाकीची सगळी आई सांभाळून ठेवलीस, एवारिस्तो. तुला माहीतही नाही, पण माझ्यासाठीच सांभाळल्यासारखी. तुझे उपकार मी कुठल्या तोंडाने मानू? त्या दिवशी होडीत ती मला परत मिळाली. रात्री मी अंथरुणावर पडले आणि एकटीच हसले. त्या साहेबाचं नाव मला अजून आठवत नाहीये. तुला आठवतं का?

युरिडिया काल संध्याकाळी इथे आली. आज तिला सुट्टी आहे. रात्री जाळीच्या झुल्यात झोपली आणि पत्र्यावरून मांजर गेलं तर घाबरून उठली. आत्ता मागच्या अंगणात फेलिसितासकडून वाटण शिकते आहे. फेलिसितासला स्वतःला नीट येत नाही, तरी शिकवते आहे. मघाशी युरी म्हणाली, "आत्या, बाबांना फोन लावू?" मी म्हटलं, नको. फोनवर तुझा बाप दोन शब्दांत ठेवून देईल आणि मला तेवढेही बोलता येणार नाहीत. तिने हा पत्ता दिला. आम्ही दोघी भेटलो हे तिने तुला अजून सांगितलेलं नाही, मी तसं सांगितलंय. तिच्यावर रागावू नकोस. लेक फार चांगली वाढवली आहेस तू, तुझ्या बायकोलाही माझा नमस्कार सांग. तिचं नाव मला ह्याच आठवड्यात कळलं, ह्याची लाज वाटते.

तुला हे वाचून आईचा तो चेहरा डोळ्यांपुढे आला असेल, तर मला क्षमा कर. मी दिलेला शब्द इतकी वर्षं पाळला आणि आज मोडला. पण तुला एकदा तरी कळायला हवं होतं की त्या दिवशी तुझी वाट कोणी पाहिली नाही असं नव्हतं. तिने तुझं नाव घेऊनच डोळे मिटले.

घर तेच आहे. फाटकाला कडी नाही. येशील की नाही ते मी विचारत नाही, आणि वाट बघत नाही असं लिहिणार होते, पण ह्या वयात खोटं कशाला लिहू?

तुझीच थोरली बहीण,
रोसेंदा