पानिपतच्या धर्मशाळेतली गर्दी

ती. अलकनंदावहिनींस,

सूर्यकांतचा दिल्लीहून, आर. के. पुरममधून साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता बरा असेल असं धरून चालतो (नसेल तर दादा कळवतीलच, तपशीलवार). आम्ही मजेत. आमच्या लेकीला, सृष्टीला, काल ‘उंबरठा’ कळेना. शेवटी ‘दहलीज’ म्हटल्यावर ट्यूब पेटली.

यंदा ऑफिसात मोठं काम झालं. इस्पितळं, शाळा आणि समाजकल्याण खातं यांच्याकडे दिव्यांगांची माहिती वेगवेगळी पडून होती. फिजिओथेरपीचं नवं केंद्र कुठे हवं ते कळावं म्हणून ती आम्ही नावं वगळून एकत्र केली. नकाशावर पानिपतची एकच गल्ली लालभडक झाली. आमच्या संचालक प्रणिता मॅडम (साताऱ्याच्या, गाडीत बसल्या की मराठी) म्हणाल्या, बघूनच येऊ. नकाशा माझा, त्यामुळे वाटभर मी ऐटीत.

गल्लीत निघाली धर्मशाळा. तिथले व्यवस्थापक विष्णूजी चहा देत म्हणाले, “साहब, यहाँ पैर लगाने का कैंप हुआ था. सबने यहीं का पता लिखवा दिया.” म्हणजे कृत्रिम पाय बसवून मंडळी केव्हाच आपापल्या गावी चालती झाली होती, आणि आमच्या नकाशात अजून तिथेच मुक्कामाला होती. मॅडमनी चहा तसाच खाली ठेवला (हे फार वाईट).

तेवढ्यात सरकारी गाडी पाहून गल्लीतल्याच एक राधाबाई व्हीलचेअरवरून आल्या. सतरंज्या विणायच्या, पक्षाघाताने उजवा हात गेला, इस्पितळातला व्यायामही मध्येच सुटलेला. “कसरत फिर शुरू होगी? कब से?” माझ्या तोंडून निघून गेलं, “मंगलवार से.”

मंगळवारी त्या खरंच आल्या. तिथे कोणी नाही. विष्णूजींच्या फोनवरून त्यांनी मला जे सुनावलं ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही. पण शेवटी हळूच “मैं तो आ गई थी” म्हणाल्या, ते जास्त लागलं. मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी इस्पितळांकडून आणखी माहिती मागवली: रुग्ण हल्ली कुठून येतात, यायचे का थांबतात. बहुतेक आसपासच्या गावांतले. बस बदलून थकतात. आणि त्या सगळ्या बस थांबतात धर्मशाळेच्या शेजारी! म्हणजे नकाशा चुकला, जागा बरोबर निघाली (हे वाक्य मॅडमनी अहवालातून काढलं).

केंद्र तिथेच खालच्या हॉलमध्ये सुरू होऊन महिना होत आला. परवा राधाबाईंनी उजव्या हाताने मला चहाचा कप दिला. अर्धा माझ्या शर्टावर सांडला, पण दोघंही खूश होतो.

आपला,
सूर्यकांत

ता. क. : केंद्रातली फिजिओथेरपिस्ट लवकरच बाळंतपणाच्या रजेवर जाते आहे. तुम्हीही फिजिओथेरपिस्टच, आता निवृत्त आहात, आणि इकडची थंडी तुम्हाला मानवते असं दादा म्हणत होते.

आणखी ता. क. : पत्र पोहोचेपर्यंत मॅडमचा फोन येऊन गेला असेल (नंबर मीच दिला). आला नसेल, तर आल्यावर कृपया ‘सूर्यकांतने आधी विचारलं होतं’ असं सांगा.